अपडेट बंद करून देणाऱ्या दादांना खुलं पत्र

दादा,

आमच्या हिशेबाच्या कार्यालयात तुम्ही येता, खुर्ची ओढता, सर्व्हिसेसची खिडकी उघडता, 'विंडोज अपडेट'वर राइट क्लिक करून 'डिसेबल्ड' निवडता आणि मॉनिटरच्या कडेला स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी डकवता : 'अपडेट करू नये'. वर म्हणता, "आता कटकट संपली!" कटकट तुमची संपली, दादा. आमच्या डोक्यावर जोखीम ठेवून तुम्ही पैसे खिशात घातलेत आणि त्या जोखमीबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

तुम्ही या धंद्यातले. तुम्हाला हे माहीत नाही असं कोण म्हणेल? मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेतली भोकं बुजवणारे पॅच काढतं. पॅच निघाला की तो उलगडून पाहणारे भामटेही कामाला लागतात. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवली की भोक नेमकं कुठे होतं ते कळतं. म्हणजे पॅच आल्यानंतर तो न घेतलेला पीसी आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो. नेमका तोच पीसी तुम्ही तयार करून देता.

२०१७ सालचं वॉनाक्राय आठवतं, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर? विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं भोक बुजवणारा पॅच १४ मार्चला आला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. मधे जवळजवळ दोन महिने होते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत शस्त्रक्रिया आणि रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. जगभरात बळी पडलेले बहुतेक पीसी विंडोज ७ चे होते, आणि त्यांच्यासाठी पॅच केव्हाच तयार होता. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा हल्ला आला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो हेच भोक वापरत होता आणि शिवाय पासवर्डही चोरत होता. त्यामुळे नुसता पॅच पुरत नाही, बॅकअपही लागतो. तुम्ही आम्हाला दोन्हींपैकी काय दिलंत?

तुमचं उत्तर मला पाठ आहे : "अपडेटने मशीन बसतं." बसतं, खरं आहे. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली उडवल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही प्रिंटरना प्रिंट देताच पडदा निळा होऊन पीसी बंद पडत होता. ऐन रिटर्न भरण्याच्या दिवसांत असं झालं तर आमचे हाल कुत्रा खाणार नाही. ही भीती खरी आहे, म्हणूनच तर आम्ही जाणकार माणसाला बोलावतो. अपडेट नीट करून देणं हे तुमचं काम आणि तेच तुम्ही टाळता.

ते काम असं असतं. आधी टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायची, त्यातली एखादी फाइल उघडून बघायची आणि मग ती डिस्क काढून ठेवायची. जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की छापून कपाटात ठेवायची. अपडेटनंतर पीसीने ती मागितली आणि कुणाकडेच नसली, तर डेटा समोर असूनही हाती लागत नाही. सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे का, यूपीएस तग धरतो का, तेही पाहायचं. मग सगळ्या मशीनवर एकदम न करता एकाच पीसीवर अपडेट घ्यायचं, त्यावर प्रिंट, टॅली आणि डिजिटल सहीचा टोकन चालवून बघायचा आणि दोन-चार दिवसांनी बाकीच्यांकडे वळायचं. तोवर त्यांच्यावर 'पॉज' लावायचा. पॉजची मुदत संपते. तुमचं 'डिसेबल्ड' मात्र कुणाच्या लक्षातही राहत नाही. अपडेट चालू असताना कितीही वेळ लागला तरी बटण दाबून पीसी बंद करायचा नाही, हे कार्यालयातल्या प्रत्येकाला सांगायचं. आणि एवढं करूनही बिघडलंच, तर सहसा अपडेट हिस्टरीत जाऊन तो पॅच काढून टाकता येतो.

यात तुम्हाला न येण्यासारखं काय आहे? वेळ लागतो, एवढंच. त्या वेळेचे पैसे मागा, आम्ही देऊ. पण दोन मिनिटांत सर्व्हिस बंद करून त्याला 'सर्व्हिसिंग' म्हणू नका. तुमच्यावर भरवसा ठेवणारी माणसं दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, पतसंस्थांचे कारकून आहेत. त्यांच्या पीसीत इतरांचे पगार, आजार आणि ठेवी नोंदलेल्या असतात.

तेव्हा एवढंच करा : जिथे जिथे अपडेट बंद करून आलात त्या सगळ्यांना फोन लावा, पुन्हा जा, आधी बॅकअप घ्या आणि अपडेट सुरू करून द्या. सुरुवात आमच्याकडून करा.

आपली,
हिशेबाच्या कार्यालयातली एक कर्मचारी