घर पाहावे हप्ते भरून : नवशिक्यांसाठी

साहित्य : दोघांच्या पगाराच्या स्लिपा, वडिलांचा फंड आणि डोंबिवलीला 'स्टेशनपासून दहा मिनिटांवर' उभी राहत असलेली इमारत. ही दहा मिनिटं बिल्डरच्या गाडीतून, रविवारी सकाळी मोजलेली असतात.

कृती : ऐपत किती, हे स्वतःला विचारू नका, बँक सांगेल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५० लाख घेतले की हप्ता बसतो सुमारे ४३,४०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४०० व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम आठ हजार. न्हाणीघरातली एखादी फरशी तुमची झाली, पेढे वाटा. स्टॅम्प ड्युटी वेगळी, नोंदणीचे ३० हजार वेगळे. त्यासाठीच तर वडिलांचा फंड.

ताबा मिळेपर्यंत राहत्या जागेचं भाडं आणि न मिळालेल्या जागेचं व्याज दोन्ही भरा. ताबा लांबला तर सँपल फ्लॅटचे फोटो पाहावेत.

आता संसार. हप्ता पाच तारखेला आपोआप कापला जातो, त्यामुळे महिना सहा तारखेला सुरू होतो आणि वीसला संपतो. पुढे भांडणं ठेवावीत. विषय हप्त्याचा काढू नये. 'जुडी तीसची का आणलीस, खाली वीसला मिळते', इथून सुरुवात केली की रात्री अकराला गाडी बरोबर एकमेकांच्या माहेरा-सासरावर पोचते. मुलं झोपल्याचं नाटक करतात, त्यांना करू द्या. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन 'दिवाळीनंतर' ठरवा, कुठली दिवाळी ते सांगू नका. आई विचारणारही नाही. या घराचा तिनं भरलेला हप्ता तो हाच, आणि बँकेच्या पासबुकात तो कधीच दिसत नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा बऱ्याच बँकांनी हप्ता न वाढवता वर्षंच वाढवली. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, ही काळजी मिटली.

थट्टा पुरे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही. बोनस आला की सोफा नंतर घ्या. आधी आईचा गुडघा, उरेल ते मुद्दलात.