पांडवांचे वकील

आमच्या काकांबरोबर देवळात गेलं की देवाला नमस्कार सगळ्यात शेवटी होतो. आधी देऊळ कुणी बांधलं याचा निकाल लागतो. निकाल दोनच: लहान असेल तर हेमाडपंतांनी, मोठं असेल तर पांडवांनी. पांडवांना सगळीकडे एकच रात्र मिळालेली असते आणि सगळीकडे कोंबडा वेळेआधी आरवलेला असतो. अकोले गावच्या सिद्धेश्वरापासून हरिश्चंद्रगडापर्यंत त्या कोंबड्यानं आपल्या जिल्ह्याचं केवढं नुकसान केलं, हे सांगताना काकांचा गळा दाटून येतो.

पावसाळ्यात लोक भंडारदऱ्याला धबधबे बघायला येतात. काका धबधब्यांकडे ढुंकून बघत नाहीत. "पाणीच आहे ते," म्हणतात आणि गाडी रतनवाडीच्या अमृतेश्वराकडे घ्यायला लावतात.

तिथं पोचल्यावर पहिल्यांदा खांबावर थाप. "चुना नाही, काही नाही. नुसता दगडात दगड बसवलाय. सांध्यात कार्डसुद्धा जायचं नाही!" आणि खिशातून एटीएम कार्ड काढतात. कार्ड जातं. "ही नंतरची दुरुस्ती दिसतेय," असं म्हणून काका पुढचा सांधा धरतात. तिथं ते अडकतं.

"आता पिन पण टाका," काकू म्हणतात.

शिखरावर खालपासून वरपर्यंत इवल्या इवल्या शिखरांच्या रांगा आहेत. ते राजाला मंजुरीसाठी दाखवलेले नमुने. वाया कशाला घालवायचे म्हणून वर बसवले, असं काकांचं संशोधन आहे. कुठल्या मूर्तीचं नाक झिजलेलं दिसलं की ते कुठल्या तरी बादशहाच्या नावावर जमा होतं. सह्याद्रीतला हजारएक वर्षांचा पाऊस मात्र दर वेळी निर्दोष सुटतो.

मैथुनशिल्पांपाशी त्यांची चाल एकदम वाढते. "ही योगासनं. चला पुढं."

काकू तिथंच थांबतात. "दोघांनी मिळून करायची का हो ही?"

गेल्या श्रावणात काका हे देऊळ हेमाडपंतांच्या नावावर करत असताना एका कॉलेजच्या मुलानं त्यांना अडवलं. "काका, हे देऊळ शिलाहारांच्या झंझ राजानं बांधल्याचं सांगतात. दहावं शतक. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. तो इथं कसा येईल?"

आम्ही श्वास रोखून उभे. काकांनी चष्मा पुसला, खांबावरच्या कीर्तिमुखाकडे पाहिलं.

"म्हणजे हेमाडपंतांनी इथूनच नक्कल मारली! मी कधीचा म्हणतोय."

तो मुलगा हसत हसत मागं आला. त्याच्यामागं त्याचे मित्र, मग सेल्फी काढणारं एक नवं जोडपं, मग ठाण्याहून आलेलं एक आख्खं कुटुंब. पुष्करणीपाशी पोचेपर्यंत काकांची चांगली दिंडी झाली होती. एरवी हे सगळे दोन फोटो काढून भज्यांच्या गाडीकडे वळले असते. आता पायऱ्यांवर वाकून कोनाड्यातल्या विष्णूच्या हातात काय काय आहे ते बघत होते. "शंकराच्या दारात विष्णू कसा?" कुणीतरी विचारलं. "मुक्कामाला आलेत," काका म्हणाले. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

निघताना ठाणेकर गृहस्थांनी पाकीट काढलं. "गाईड, तुमची फी किती?"

काका संकोचले. काकू पुढं झाल्या.

"फीचं राहू द्या हो. तुमच्या गाडीत एक जागा असली तर बघा. ठाण्यातही देवळं असतीलच की."