एलेनबाईंचा फोन

रॉकवाले पोलिसांना भीत नाहीत, समीक्षकांना तर मुळीच नाही. त्यांना धाकात ठेवायला सॅन डिएगोच्या एलेन मिलरबाईच लागतात. कॅमेरॉन क्रो यांच्या ‘ऑलमोस्ट फेमस’ (२०००) या सिनेमात १९७३ सालच्या अमेरिकेत ‘स्टिलवॉटर’ नावाचा एक काल्पनिक बँड बसमधून गावोगाव हिंडतो. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकासाठी लेख लिहायचा म्हणून पंधरा वर्षांचा विल्यम त्याच्या मागे. बाई या विल्यमच्या आई. पोस्टरवर त्यांना जागा नाही, तिथे बँडबरोबर हिंडणारी गॉगलवाली पेनी लेन आहे. पण सिनेमाभर वचक बाईंचा.

बाई कॉलेजात शिकवतात. घरात लोणी बंद, साखर बंद, मैदा बंद, मोटारसायकल बंद. रॉकचं तर नावच नको. नाताळ सप्टेंबरात, कारण डिसेंबरात त्याचा बाजार होतो. थोरली अनिता कोटाखाली लपवून सायमन आणि गारफंकल यांची रेकॉर्ड आणते. त्याहून सोज्वळ गाणी त्या काळात शोधून सापडली नसती. बाई कव्हरवरचे दोन चेहरे न्याहाळतात आणि निदान करतात: गांजा!

‘मी सांगते म्हणून’ असं म्हणणं या जातीच्या आईला कमीपणाचं वाटतं. ती दाखले देते, मुद्दे मांडते, गटेला साक्षीला बोलावते आणि शेवटी नकार पोराच्याच तोंडून वदवून घेते. आरडाओरडा करणारी आई परवडली, तिच्याशी निदान भांडता तरी येतं. आणि अशा तत्त्वनिष्ठ बाईंनी मुलाला शाळेत पुढे पुढे ढकलताना त्याचं खरं वय त्याच्यापासूनच लपवलेलं असतं! वर्गातली मुलं मोठी दिसायला लागली, आपलंच काय अडलंय, हे बिचाऱ्याला कळेना. तो तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा आहे हे बाई कबूल करतात, तेही मुलीने कोंडीत पकडल्यावर.

अनिता शेवटी हवाईसुंदरी व्हायला घर सोडते आणि सगळ्या रेकॉर्ड भावाच्या पलंगाखाली ठेवून जाते. घरबंदीचा माल असा वारसाहक्काने पुढे सरकतो.

पण बाईंची खरी गंमत पुढेच आहे. बंदी घालणाऱ्या आया पुष्कळ; बंदी घातलेल्या ठिकाणी पोराला स्वतः गाडी चालवत सोडायला येणारी विरळा. ब्लॅक सॅबथच्या कार्यक्रमाला विल्यम आईच्या गाडीतून उतरतो. तो गर्दीत शिरतो न शिरतो तोच बाई मागून ओरडतात, ड्रग्ज घेऊ नकोस! आजूबाजूची पोरं तेच वाक्य त्यांच्या सुरात म्हणून दाखवतात. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पुढे दौऱ्यावर जायची परवानगीही त्याच देतात, आणि मग वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबून, रॉकस्टारांनी आपला मुलगा पळवला, असं विद्यार्थ्यांपुढे जाहीर करतात.

दौऱ्यात हॉटेलं बदलतात, फोन चुकत नाही. काउंटरवरच्या माणसाकडे निरोप तोच: ड्रग्ज नकोत. एकदा गिटारवाला रसेल फोन हिसकावून घेतो. हा तोच गडी, जो टोपेकात नशेत छपरावर उभा राहून स्वतःला देव म्हणवतो आणि खालच्या तलावात उडी टाकतो. आवाजात साखर घोळून तो बाईंना पटवू बघतो. बाई त्याला थांबवतात, फैलावर घेतात आणि वर सांगतात की अजूनही वेळ गेलेली नाही, तू चांगला माणूस होऊ शकतोस. मुख्याध्यापकांपुढे उभं केलेल्या पोरासारखा देव ‘हो बाई’ म्हणून फोन परत करतो. अख्ख्या दौऱ्यात त्याला कोणी माणसात आणलं असेल तर ते या फोनने.

ही आई क्रो यांनी हवेतून आणलेली नाही. ते स्वतः सॅन डिएगोत वाढले आणि सोळाव्या वर्षी ऑलमन ब्रदर्सवर ‘रोलिंग स्टोन’ची मुखपृष्ठकथा लिहून बसले. त्यांच्या आई अ‍ॅलिस याही शिक्षिका. चित्रीकरणाच्या वेळी, एलेनची भूमिका करणाऱ्या फ्रान्सिस मॅकडॉर्मंडना काही शिकवायला जाऊ नकोस, अशी ताकीद क्रो यांनी आईला दिली होती. पण थोड्याच वेळात दोघी एकत्र जेवत बसलेल्या त्यांना दिसल्या, अशी हकीकत आहे. मुलाने आईला घातलेली बंदी, ती कितीशी टिकणार?

ऑस्कर मिळालं पटकथेला, म्हणजे लेकाला. सहायक अभिनेत्रीच्या एकाच विभागात पेनी साकारणाऱ्या केट हडसन आणि मॅकडॉर्मंड या दोघींनाही नामांकन होतं, आणि दोघीही हरल्या. माझं मत विचाराल तर तो निकाल साफ चुकला. मॅकडॉर्मंडना ते बक्षीस मिळायलाच हवं होतं.