मधली सहा वर्षं

मुलाखतीला आलेल्या बाईंना साहेब विचारतात, "मधली सहा वर्षं काय केलंत?" बाईंनी दोन पोरं वाढवली, सासऱ्यांचं पथ्यपाणी पाहिलं, इन्सुलिनची इंजेक्शनं स्वतः दिली, वर सोसायटीच्या टँकरवाल्याशी दर उन्हाळ्यात भाव ठरवला. साहेब मान डोलावतात आणि फॉर्मवर लिहितात : अनुभव निरंक. साहेब स्वतः वर्षभर हिमालयात भटकून आले तेव्हा मात्र त्याला 'आत्मशोध' म्हणून बढती मिळाली होती!

बाळंतपणाच्या रजेचा कायदा उदार आहे हो. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली. जिथे ५० किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा दिली. ईएसआयचा सरकारी विमा नसेल तिथे या रजेचा पगार मालकाच्या खिशातून जातो. मालकांना हिशेब चांगला येतो. मंगळसूत्र नवं दिसलं की "कळवतो" म्हणायचं, बस्स.

आणि त्या अख्ख्या दुरुस्तीत बापाच्या रजेबद्दल अवाक्षर नाही. मूल बाईनं एकटीनंच आणलं, असं संसदेचंही मत दिसतं.