विकेंद्रित गृहस्थ

पिंपरी-चिंचवडच्या समाजजीवनात अलीकडे उदयास आलेल्या मनुष्यप्रकारांपैकी ‘विकेंद्रित गृहस्थ’ हा सर्वांत निरुपद्रवी आणि बहुधा त्यामुळेच सर्वांत दुर्लक्षित प्रकार होय. त्याचा आढळ मुख्यतः आकुर्डीत आणि तिला लागून असलेल्या निगडी प्राधिकरणात असून, कारखान्याच्या टूलरूममधून किंवा गुणवत्ता तपासणी विभागातून निवृत्त झालेला, गच्चीवर कुंड्या आणि पार्किंगमध्ये जुनी चेतक बाळगणारा, व समोर आलेल्या कोणत्याही वस्तूची जाडी मनातल्या मनात मिलिमीटरमध्ये मोजणारा पुरुष, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. १९७२ साली चेतक स्कूटर बाजारात आली आणि त्याच वर्षी नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. या परिसरात मग घर पेठ क्रमांकाने, माणूस तिकीट नंबरने आणि दिवस पाळीने ओळखला जाऊ लागला. आकुर्डीच्या कारखान्यातले दुचाकींचे उत्पादन २००७ मध्ये थांबले व पुढे विजेवरची चेतक तिथेच तयार होऊ लागली, परंतु या गृहस्थाच्या अंगातली पहिली पाळी मधल्या काळातही बंद पडली नाही. जायचे कुठेच नसताना तो पहाटे साडेपाचला दाढी करून तयार असतो.

या तयारीला काम पुरवण्यासाठी तो प्रथम सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात शिरतो आणि सुप्रभातीच्या फुलांना कंटाळून, खरे म्हणजे त्या फुलांखाली जातीचे नाव नसते म्हणून चिडून, मोठ्या समाजमाध्यमांकडे वळतो. तेथे त्याची गाठ अल्गोरिदमशी पडते. कोणाला काय दाखवायचे हे कंपनीच्या सोयीने ठरवणारी जी गणिती पद्धत, तिला हे नाव असून, वांग्याच्या पहिल्या फुलाचे छायाचित्र तीन जणांना आणि त्याखालचे भांडण तीन हजारांना दाखवण्यात तिचे कौशल्य सामावलेले असते. आयुष्यभर रिजेक्शनची कारणे लेखी मागितलेल्या माणसाला असा कारणाविना नकार सोसत नाही. भारतातून २०१९ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा २०२२ च्या अखेरीस ट्विटरला कंटाळलेल्यांचे जे लोंढे मॅस्टोडॉन या व्यवस्थेकडे गेले, त्यांपैकी एखाद्यात मागच्या बाजूला, कापडी पिशवी घेऊन, हा गृहस्थही होता असे मानण्यास जागा आहे.

मॅस्टोडॉनची रचना येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. ऑयगेन रोच्को या जर्मनीतील तरुण प्रोग्रामरने २०१६ मध्ये लोकांपुढे आणलेली ही व्यवस्था कोणा एकाच्या मालकीच्या जागेवर चालत नाही. कोणीही आपला लहानसा सर्व्हर, म्हणजे सदस्यांचा मजकूर साठवणारा आणि पोचवणारा संगणक, उभारू शकतो, आणि असे हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या सामाईक नियमसंचाने, ज्याला २०१८ च्या जानेवारीत अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला, परस्परांशी बोलतात. आकुर्डीकराला हे समजण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत, कारण तुकोबांच्या पालखीचा मुक्काम दरवर्षी गावातल्या विठ्ठल मंदिरात पडतो आणि प्रत्येक दिंडीचा क्रमांक, विणेकरी व स्वयंपाक वेगळा असूनही वाट एकच असते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. मात्र दिंडीत कोण कुठे चालेल हे चोपदार बघतो, तसा येथे कोण, हा प्रश्न त्याला पहिल्या आठवड्यातच पडतो आणि उत्तर स्वतःकडेच असल्याचा संशय दुसऱ्या आठवड्यात बळावतो.

कारण विकेंद्रित गृहस्थाला मालक नको असला, तरी व्यवस्था मात्र हवी असते, आणि त्याच्या स्वभावातला सगळा विनोद या एका विसंगतीतून उगवतो. त्याने निवडलेल्या सर्व्हरवर सदस्य जेमतेम दीडशे. कोणी लोणची घालतो, कोणी शाईची पेने दुरुस्त करतो, कोणी चिमण्यांसाठी खोकी ठोकतो. ‘सौजन्याने वागावे’ एवढा एकच नियम तेथे पाहून तो चालकाला विचारतो की सौजन्याची टॉलरन्स किती, अधिक-उणे किती चालेल. सर्व्हरचे मासिक भाडे चालक पदरमोड करून भरतो असे कळताच तो पाचशे एक रुपये वर्गणी पाठवतो, पावती मागतो आणि मार्चअखेर जमाखर्च सर्वांपुढे मांडावा असे सुचवतो. दूरदेशीच्या त्या चालकाला मार्चचे महत्त्व कळत नाही, परंतु पावती तो मुकाट्याने तयार करतो. मॅस्टोडॉनचा शुभंकर सोंडवाला प्राणी असल्याने घरची मंडळी हे सारे गणेश मंडळाचे काम समजतात, आणि वर्गणीचा तपशील ऐकल्यावर तो समज अधिकच पक्का होतो.

त्याची छायाचित्रे पाहण्यासारखी असतात. मिरचीच्या शेजारी व्हर्नियर कॅलिपर, फुलक्याच्या शेजारी मायक्रोमीटर, आणि लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर बॅच क्रमांक ही त्याच्या शैलीची ठळक लक्षणे होत. या जगात चित्रासोबत त्याचे शब्दांत वर्णन देण्याचा शिष्टाचार आहे, कारण दृष्टिहीन सदस्यांचा संगणक ते वर्णन मोठ्याने वाचून दाखवतो; मजकुराला सर्वसाधारणपणे ५०० अक्षरांची मर्यादा असताना या वर्णनाला १५०० अक्षरांची मुभा असते. इतर सदस्य ‘मिरचीचे रोप’ एवढे लिहून मोकळे होतात, तर हा गृहस्थ कुंडीचा व्यास, पानांची संख्या, देठाचा कल आणि उजेडाची दिशा नोंदवून पंधराशेचा कोटा शेवटच्या अक्षरापर्यंत वापरतो. कार्यालयात ज्या तपासणी अहवालांवर वरिष्ठ न वाचता सही करीत, ते अहवाल लक्ष देऊन ऐकणारी माणसे त्याला येथे प्रथमच भेटतात. पाने वर वळली आहेत असे ऐकून त्यांच्यापैकी कोणीतरी विचारते की पानाच्या खालच्या बाजूला काय आहे. डोळस मंडळींनी नुसते ‘सुंदर’ म्हणून सोडलेल्या त्या चित्राबाबत हा प्रश्न येताच गृहस्थ गच्चीवर धावतो, पान उलटतो आणि त्याला फुलकिडे सापडतात. चुरडा-मुरडा झालेल्या मिरचीच्या पानाखाली ते असतात हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही, पण वरची बाजू मापात असल्याने तो निर्धास्त होता. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी, आठव्या दिवशी फेरतपासणी आणि पुन्हा पंधराशे अक्षरे, हे ओघानेच येते.

टीकाकार म्हणतील की ज्या कारखान्यातून तो सुटला, तोच त्याने इंटरनेटवर पुन्हा उभारला. हा आक्षेप अर्धाच खरा आहे, कारण कारखान्यात त्याला कोणी मिरचीबद्दल विचारीत नव्हते, आणि येथे त्याला ‘आवडले’च्या आकड्याची फिकीर नसते, चार उत्तरे आली तर तो दिवस भरला असे मानतो, पाचवे आले तर त्याला ओव्हरटाइम समजतो.

अशा लहान सर्व्हरांचे आयुष्य चालकाच्या उत्साहावर व खिशावर अवलंबून असते, आणि सर्व्हर बदलताना अनुयायी सोबत नेता आले तरी जुना मजकूर नेता येत नाही. म्हणून प्रत्येक नोंद तो रात्री लांबट वहीत उतरवून काढतो, तारखेसह आणि सहीनिशी. आकुर्डीत ज्यांच्या ओळखीचा असा गृहस्थ असेल, त्यांनी त्याच्या मिरचीची चौकशी जरूर करावी. फक्त ती वही शेजारच्या कपाटातच असते हे ध्यानात घेऊन हाताशी अर्धा तास मोकळा ठेवावा.