चुन्याची निवळी

माझ्या आयुष्यातलं एकमेव वैज्ञानिक निरीक्षण मी नववीत असताना नोंदवलं आणि त्याबद्दल माझा अर्धा गुण कापला गेला. या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होतील. बायको म्हणते, सोडून द्या. पण ज्याचा अर्धा गुण गेलाय त्यालाच ते कळतं.

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात या विषयाचं नाव नुसतं ‘शास्त्र’ असं लिहिलेलं असे. घरात ‘शास्त्र असतं ते’ असं आजीनं म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं, हे ठाऊक होतंच. तोच नियम शाळेतही लागू आहे हे मला पाचवीतच उमगलं. शास्त्राच्या तासाला विचारण्याचं काम पुस्तकाकडे आणि कारणं देण्याचं काम आपल्याकडे. ‘शास्त्रीय कारणे द्या : पितळी भांड्यांना कल्हई करतात.’ आमच्या घरी कल्हई करण्याचं कारण एकच होतं, ते म्हणजे कल्हईवाला दारात येऊन ओरडला. पण ते शास्त्रीय नव्हतं.

तरीही मला तो विषय आवडायचा, आणि आवडायचा तो शब्दांसाठी. चंचुपात्र! काचेच्या साध्या भांड्याला ओतायला एक चोच काढलेली, तेवढ्यावरून कुणीतरी त्याला हे नाव दिलं. पाण्यात साबणाचा फेस झाला तर ते सुफेन, नाही झाला तर दुष्फेन. आमच्या बोअरचं पाणी दुष्फेन आहे हे मी आईला सांगितलं, तेव्हा तिला वाटलं मी शेजाऱ्यांबद्दल काहीतरी बोलतोय. इंद्रधनुष्याचे रंग पाठ करायला ‘तानापिहिनिपाजा’ होतं. हे तानाजीच्या घराण्यातलं कुणीतरी असावं, असं मला बरेच दिवस वाटे. त्यातला ‘पा’ म्हणजे पारवा. तो आकाशात मला आजतागायत दिसलेला नाही, पण पेपरात मी तो दरवर्षी पाहिला.

तरफा मात्र मी घरी आणल्या आणि पस्तावलो. टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला, म्हणून अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ. मी हे अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हा ते सुपारीच कातरत होते. “असेल,” ते म्हणाले, “तू तिसऱ्या प्रकारचा आहेस.”

प्रयोगशाळा जिन्याखाली होती. किल्ली शिपाईमामांकडे. आत एक हाडांचा सापळा, बरणीत एक पांढरा पडलेला साप आणि चिठ्ठ्या निघालेल्या बाटल्या. प्रयोग वर्षातून चार-पाच वेळा व्हायचा आणि तो सर करायचे. एका टेबलाभोवती आम्ही अठ्ठेचाळीस जण. पहिल्या रांगेला प्रयोग दिसे, बाकीच्यांना पहिल्या रांगेची डोकी. पण त्यानं कुणाचं अडत नसे, कारण प्रयोगवही आधीच लिहून झालेली असायची. उजवीकडच्या रेघी पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. डावीकडच्या कोऱ्या पानावर सुबक व नामनिर्देशित आकृती. हे सगळं आदल्या वर्षीच्या एखाद्या वळणदार अक्षराच्या ताईच्या वहीतून उतरवायचं. अनुमान आधी, प्रयोग नंतर. जिन्याखाली जायचं ते अनुमान अजून तिथंच आहे ना, एवढं बघायला.

त्या दिवशी कार्बन डायऑक्साइड तयार करायचा होता. साहित्यात ‘संगमरवराचे तुकडे’ असं होतं. ते रामाच्या देवळाच्या फरशीतले उरलेले होते, आणि एकावर देणगीदाराच्या नावातलं ‘कै.’ शिल्लक होतं. सरांनी ते बाटलीत टाकले, वरून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं. कै. फसफसायला लागले. बुचातून निघालेली वाकडी काचेची नळी परीक्षानळीतल्या चुन्याच्या निवळीत सोडली होती. बुडबुडे आले आणि पाहता पाहता निवळी पांढरी झाली. “काय झाली?” सर म्हणाले. “दुधाऽऽळ!” आम्ही अठ्ठेचाळीस जण ओरडलो. मागच्या रांगेचा आवाज सगळ्यात मोठा होता.

इथं प्रयोग संपायला हवा होता. पण तेवढ्यात शिपाईमामा कसल्याशा फॉर्मवर सही मागायला आले आणि सर ऑफिसात गेले. मुलं पांगली, कुणी सापळ्याशी हस्तांदोलन करू लागलं. मला मात्र सरांनी “नळी धरून ठेव” असं सांगितलं होतं, म्हणून मी ती धरून उभा होतो. बुडबुडे चालूच होते. आणि मग निवळीचं दूध पातळ व्हायला लागलं. आधी ताकासारखं, मग ताकाच्या निवळीसारखं, आणि शेवटी पहिल्यासारखं स्वच्छ पाणी. नळीपलीकडे भिंतीवरची पाल दिसायला लागली.

मी घाबरलो. पहिला विचार आला तो नळी माझ्या हातून बिघडली असा. सर परत आले तेव्हा तास संपला होता. घरी जाऊन बराच विचार केला, आणि ताईच्या वहीतल्या ‘निवळी दुधाळ होते’ या ओळीपुढे शाईनं लिहिलं, ‘व थोड्या वेळाने परत निवळते.’

वही परत आली तेव्हा त्या ओळीवर लाल रेघ होती. समासात लिहिलेलं, ‘निरीक्षण पुस्तकाप्रमाणे लिहावे. वजा अर्धा.’ मी धीर करून सरांकडे गेलो. ते माणूस म्हणून फार चांगले होते, चिडले नाहीत. “अरे, एकदा दुधाळ झाली की झाली. परत निवळली तर आपण ती ओळखायची कशी?” ते म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर अकरावीत मिळालं. तिथं सगळं एका रात्रीत इंग्रजीत गेलं होतं. चंचुपात्राचं बीकर झालं आणि मला ते चोच कापल्यासारखं वाटलं. गतिज ऊर्जा म्हणजे कायनेटिक एनर्जी हे कळेपर्यंत गणपती आले. केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी एकदा फळ्यावर समीकरण लिहिलं. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड गेला की न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणून दुधाळपणा. तोच वायू जास्त सोडत राहिलं की त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं, ते पाण्यात विरघळतं, आणि दुधाळपणा जातो. “मिल्कीनेस डिसअपिअर्स,” ते म्हणाले. वर्गातल्या निम्म्या मुलांना ‘डिसअपिअर्स’ कळलं नाही. मी बाकावर मूठ आपटली. प्राध्यापकांनी मला बाहेर उभं केलं.

आता मुलगी दहावीला आहे. सेमी इंग्लिश, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचं आयुष्य मराठीत. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर, वीस गुण प्रात्यक्षिक वगैरेचे. दोन्ही पुस्तकं बालभारतीची, रंगीत, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा कितीतरी चांगली. दुसऱ्या भागातला दहावा आणि शेवटचा धडा ‘आपत्ती व्यवस्थापन’ आहे. मुलं तो पेपरच्या आदल्या रात्री उघडतात, म्हणजे जागा अचूक निवडली आहे.

पहिल्या भागात मला न्यूलँड्स भेटला. या माणसानं मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या क्रमानं मांडली आणि दर आठव्याला पहिल्याचे गुण दिसतात असं सांगितलं, सप्तकासारखं. हायड्रोजन ‘सा’ धरला तर लिथियमही ‘रे’ आणि सोडियमही ‘रे’. पुस्तकात नाही ते मी दुसरीकडे वाचलं. १८६६ साली लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यानं हे मांडलं तेव्हा एकानं विचारलं, मूलद्रव्यं अक्षरांच्या क्रमानं लावून पाहिलीत का? पुढे १८८७ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला डेव्ही पदक दिलं. एकवीस वर्षांत न्याय! त्याचे ‘सा रे ग म’ पुढच्या जड मूलद्रव्यांपाशी बेसूर होतात, तरीही. माझं तर शेवटपर्यंत बरोबर होतं.

म्हणून मुलगी म्हणाली, “बाबा, प्रॅक्टिकलला इथेनॉइक ॲसिड आहे, घरी करून बघू?” तेव्हा माझे कान टवकारले. इथेनॉइक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. त्यात खाण्याचा सोडा टाकायचा, निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा. मी मेडिकलमधून सलाइनची नळी आणली. चुना अप्पांच्या पानाच्या डब्यातून घेतला. तो आदल्या रात्री पाण्यात कालवून ठेवला, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद काढून घेतलं. अप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणता म्हणता तीन दिवाळ्या गेल्या. ते खुर्ची ओढून ओट्याशी बसले.

“काय सोडताय त्यात?”

“सीओटू, आजोबा.”

“कार्बन डायऑक्साइड,” मी सांगितलं.

“मग कर्बद्विप्राणिद म्हणा की सरळ,” अप्पा म्हणाले. त्यांची अकरावी मॅट्रिक.

बाटली फसफसली. निवळी दुधाळ झाली. मुलीनं फोटो काढला, “थँक्स बाबा,” म्हणाली आणि निघाली.

“थांब, खरा प्रयोग पुढेच आहे.”

“पुढचं जर्नलमध्ये नाहीये.” आणि ती क्लासला गेली.

मी नळी धरून उभा राहिलो. सोडा संपला, पुन्हा घातला. व्हिनेगर संपलं, लिंबं पिळली. बायको येऊन ओटा बघून गेली, काही बोलली नाही, म्हणजे रात्री बोलणार. अर्धा तास झाला असेल. आणि मग दूध पातळ व्हायला लागलं. ताक. ताकाची निवळी. ग्लासपलीकडे गॅसची शेगडी लख्ख दिसली.

“अप्पा!” मी ग्लास त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. “बघा. निवळली की नाही?”

अप्पांनी मान मागे घेतली, पुढे आणली, ग्लास उजेडाकडे धरला.

“मला तर दुधाळच दिसतंय,” ते म्हणाले. “चुना उरलाय का पानापुरता?”