बॅटरी आमची, हुकूम त्यांचा

फोनवर अपडेट आलं की बहुतेक वेळा दोनच पर्याय समोर येतात: आत्ता टाका किंवा रात्री टाका. ‘नको’ असं ठणकावून सांगायला बटण नाही. नवे इमोजी किती, वॉलपेपर कोणते, कॅमेऱ्यात काय वाढलं, याची यादी भरगच्च असते. बॅटरीचं काय होणार, त्यावर मात्र अवाक्षर नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पैसे मोजून घेतला की फोन आमचा. त्याच्या बॅटरीला हात लावायचा असेल तर आधी विचारा, कारण सांगा आणि नाही म्हणायची मुभा द्या.

ही चैनीतली तक्रार नाही. जेवण पोचवणाऱ्या पोराचा फोन ऐन धंद्याच्या वेळी, संध्याकाळी आठला मान टाकतो तेव्हा त्याची ऑर्डर, नकाशा आणि कमाई एकदम थांबते. लोकलचं तिकीट फोनवर काढलेलं असतं. टीसी समोर उभा आणि स्क्रीन काळी, तर ते तिकीट नसल्यात जमा. बँकेचा ओटीपी, सिलिंडर घेताना द्यायचा कोड, म्हाताऱ्या आईचा फोन, सगळं त्या एका बॅटरीवर टांगलेलं आहे.

*

आधी कंपन्यांच्या बाजूचं खरं ते मान्य करू.

मोठं अपडेट झाल्यावर पहिले काही दिवस बॅटरी भराभर उतरते, यात काळंबेरं नसतं. फोन आतल्या आत काम उपसत असतो: फोटोंची पुन्हा छाननी, शोधासाठी सगळ्या मजकुराची नवी सूची, प्रत्येक अॅपची नव्या आवृत्तीशी जुळवणी आणि पाठोपाठ त्या अॅपांचेही अपडेट. खिशात पडून असलेला फोन गरम लागतो तो यामुळेच. काम संपलं की तो पुन्हा ताळ्यावर येतो. हे दोन ओळींत सांगता येतं. अॅपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ च्या वेळी आपल्या मदत-पानावर ते सांगितलंही. पण मदत-पान उघडून कोण वाचतो? त्या दोन ओळी अपडेटच्या बटणाशेजारी हव्यात.

दुसरं खरं असं की लिथियम-आयन बॅटरी झिजतेच. चार्जिंगची आवर्तनं वाढतात, उष्णता सोसावी लागते, तसा तिचा अंतर्गत रोध वाढत जातो. कॅमेरा उघडला किंवा गेम सुरू केला की प्रोसेसर एका झटक्यात जास्त वीज मागतो. जुन्या बॅटरीला तो झटका झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि तीस टक्के दाखवणारा फोन पटकन बंद पडतो. अपडेटने बॅटरी ‘खराब केली’ असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा ती आधीच थकलेली असते आणि नव्या आवृत्तीच्या ओझ्याने ते उघडं पडतं.

इथपर्यंत भांडण नाही.

*

भांडण पुढे आहे.

जानेवारी २०१७ मध्ये अॅपलने आयओएस १०.२.१ आणलं. आयफोन ६, ६एस आणि एसई अचानक बंद पडत होते. त्यावर इलाज केला तो असा: बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग कमी करायचा. इलाजाला तांत्रिक आधार होता. पण मालकाला कुणी धड सांगितलं नाही की तुझा फोन आम्ही हळू केलाय आणि नवी बॅटरी टाकलीस तर तो पुन्हा पळेल. लोकांनी समजून घेतलं की फोनच संपला. आणि फोन संपला म्हटल्यावर माणूस बॅटरी घेत नाही, नवा फोन घेतो.

त्या वर्षाच्या डिसेंबरात गीकबेंच या फोनचा वेग मोजणाऱ्या अॅपच्या जॉन पूल यांनी वेगाच्या चाचण्यांचे आलेख मांडले आणि बिंग फुटलं. मग माफी आली. अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं. आज आयफोनवाले ज्या पानावर टक्केवारी बघतात, ते लोकांनी आवाज उठवला म्हणून मिळालेलं आहे.

फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अॅपलला अडीच कोटी युरो दंड केला. त्याचं कारण बघा: ग्राहकांना सांगितलं नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्येच अॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो ठोठावले होते. नोट ७ साठी बेतलेली अँड्रॉइड आवृत्ती सॅमसंगने जुन्या नोट ४ च्या ग्राहकांना आग्रहाने टाकायला लावली होती. फोन अडखळू लागले आणि वॉरंटी संपलेल्यांच्या माथी दुरुस्तीचं बिल आलं. म्हणजे हे दुखणं एका कंपनीचं नाही.

*

कुणाला वाटेल, जुनी प्रकरणं कशाला उकरता? मग जानेवारी २०२५ घ्या.

गूगलने पिक्सेल ४ए या फोनवर एक अपडेट आपोआप पाठवलं. काही फोनांची वापरता येणारी बॅटरी-क्षमता त्याने कमी केली आणि चार्जिंगही बदललं. दिवसभर टिकणारे फोन दुपारीच चार्जर मागू लागले. जुन्या आवृत्तीवर परत जायची वाट ठेवली नाही. भरपाई दिली: फुकट बॅटरी, किंवा ५० डॉलर, किंवा नव्या पिक्सेलवर १०० डॉलरची सूट. या आकड्यांकडे नीट बघा. रोख हातात घेतली तर ५०, नवा फोन घेतलात तर दुप्पट. पण बॅटरीला नेमकं झालंय काय, ते सुरुवातीला सांगितलंच नाही. बॅटरी तापून आग लागण्याचा धोका आहे, हे पुढे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी सूचनेत वाचायला मिळालं.

आग लागण्याचा धोका ही लपवायची गोष्ट आहे? उशाशी फोन ठेवून झोपणाऱ्या माणसाला ती सर्वांत आधी कळायला हवी.

आणि सांगता येत नाही असंही नाही. २०१६ मध्ये सॅमसंगचे गॅलेक्सी नोट ७ पेट घेऊ लागले. कंपनीने ते परत मागवले आणि डिसेंबरात अमेरिकेत अपडेट पाठवून उरलेल्या फोनांचं चार्जिंगच बंद केलं. अपडेटने बॅटरीवर घातलेला हा सर्वांत मोठा घाव. पण आधी जाहीर केलं, कारण दिलं, पैसे परत केले. जुलै २०२५ मध्ये गूगलनेही पिक्सेल ६ए च्या वेळी सांगितलं की ४०० आवर्तनांनंतर क्षमता घटवू, कारण बॅटरी तापण्याचा धोका आहे. जीव वाचवायला बॅटरीला लगाम घाला, कोण अडवतंय? फक्त तोंडावर सांगा.

*

आता बॅटरी बदलायची म्हटली तर काय होतं ते बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुरुस्तीच्या काउंटरवर थोडा वेळ उभे राहा. फोन गरम पाटावर ठेवतात, कडेचा गोंद मऊ झाला की पातळ प्लास्टिकची पट्टी आत सरकवून झाकण उचलतात. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. मग खालची चिकटपट्टी हळूहळू ओढतात. घाई केली तर बॅटरी वाकते आणि वाकलेली बॅटरी पेटू शकते. कधी झाकण उघडताच उशीसारखी फुगलेली बॅटरी दिसते आणि स्क्रीन कडेने का उचलली गेली होती ते कळतं. काम सराईत हाताचं असलं तरी मोठं नाही. नवी बॅटरी बसते, फोन सुरू होतो.

आणि मग काही फोनांवर सूचना झळकते: ही बॅटरी अस्सल असल्याची खात्री पटत नाही. कधी बॅटरीची तब्येत दाखवणारं पानही कोरं. बॅटरी चांगली चालली तरी सॉफ्टवेअर तिला ओळख देत नाही. ग्राहक घाबरतो, कारागिरावरचा त्याचा विश्वास डळमळतो. अस्सल-नकली कळायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण मग अस्सल बॅटरी त्या कारागिराला रास्त दरात विकत मिळू द्या.

*

आता आपल्या हातातलं.

मोठी आवृत्ती आल्या दिवशी टाकू नका. आठ-दहा दिवस थांबा, इतरांचे अनुभव कळू द्या. सुरक्षेचे छोटे अपडेट मात्र रखडवू नका. फोनमध्ये बँक असते. अपडेटआधी बॅकअप घ्या.

टाकल्यावर आठवडाभर धीर धरा. तरी बॅटरी उतरतेय? सेटिंगमध्ये बॅटरीचं पान उघडा आणि सर्वांत वर कोणतं अॅप आहे ते बघा. एखादंच अॅप वीज खात असेल तर ते अपडेट करा, नाहीतर काढून पुन्हा टाका. लोकेशन सतत वापरणारी अॅपं तपासा. फोन एकदा बंद करून सुरू करा.

अॅप सतत बंद करत बसू नका. ते पुन्हा उघडायला उलट जास्त वीज लागते. बॅटरी शून्यावर नेऊन शंभरवर आणण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होता, लिथियमला त्याने इजा होते. आणि सेवा केंद्रात पहिल्याच वाक्यात ‘सगळं पुसून रिसेट करा’ म्हणाले तर आधी बॅटरीची चाचणी मागा. रिसेट हा शेवटचा उपाय आहे.

चाचणीत क्षमता ८० टक्क्यांच्या खाली आली असेल तर बॅटरी बदला. फोन बदलू नका.

*

युरोपने हे कायद्यात बसवलं. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० आवर्तनांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणारी हवी. विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आणि त्याच नियमांत माझ्या मते सर्वांत मोलाचं कलम आहे: अपडेटनंतर फोनची जाहीर केलेली कामगिरी घटता कामा नये, घटणार असेल तर आधी ग्राहकाची स्पष्ट संमती हवी, आणि अपडेट नाकारलं म्हणून फोनची कामगिरी बिघडवता येणार नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क दिलाय. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये आयओएस १८ नंतरच्या तक्रारींवरून अॅपलला नोटीस गेली. मे २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल सरकारला मिळाला. फोन दुरुस्तीला किती सोपा, हे विक्रीच्या वेळीच दिसावं अशी त्याची शिफारस आहे. पण पोर्टल, नोटीस आणि अहवाल यांनी फोनच्या बटणावरचा मजकूर बदलत नाही. त्याला युरोपसारखं एक सक्तीचं कलम लागतं: विचारल्याशिवाय बॅटरीला हात नाही.

ते कलम आपोआप येणार नाही. अपडेटनंतर फोन बिघडला तर गप्प बसून नवा घेऊ नका. तारीख, आवृत्ती आणि बॅटरीच्या पानाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, कंपनीला लेखी कळवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीतही नोंदवता येते.